५०० मिनिटांचं कार्ड, २८ मिनिटांचं बोलणं

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सध्या सहा महिन्यांसाठी लेकीकडे न्यू जर्सीत, एडिसनला आले आहे. वाई तालुक्यात माझी थोरली बहीण असते. आक्का आता ८१ वर्षांची. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप नाही. दिवसाआड तिच्याशी चार मिनिटं बोलल्याशिवाय मला चैन पडत नाही. जावयांच्या बिलावर बोलायला नको वाटतं, म्हणून ओक ट्री रोडवरच्या एका दुकानातून प्रत्येकी पाच डॉलरची तीन कॉलिंग कार्डं घेतली. पैसे आधी भरायचे, मग कार्डावरचा नंबर फिरवून, पिन टाकून परदेशी बोलायचं. पोस्टरवर ‘इंडिया ५०० मिनिटं’ असं मोठ्या अक्षरांत होतं. पहिलं कार्ड तेराव्या दिवशी संपलं. दर वेळी यंत्रातली बाई किती मिनिटं शिल्लक आहेत ते सांगते, ते मी वहीत लिहीत गेले : ५००, ३७६, ३२१, २६६, १४२, ८७, ३२. प्रत्येक वेळी मी चारच मिनिटं बोलले. मागची बारीक अक्षरं नातवाकडून वाचून घेतली, ती सोबत उतरवून पाठवते. पहिले दोन कॉल माझ्या भारतातल्या सिमवरून लावले होते, पुढचे लेकीने दिलेल्या इथल्या फोनवरून. भारतातल्या सिमचं त्या महिन्याचं बिल पुण्यात मुलाने भरलं. तो काही बोलला नाही, पण बिल नेहमीपेक्षा बरंच जास्त आलं एवढं कळलं. माझं कुठे चुकलं? उरलेल्या दोन कार्डांचं काय करू? आणि याच कार्डावरून दुबईतल्या भाच्याला फोन लावला तर चालेल का?

उत्तर : बाई, नमस्कार. आयुष्यभर शाळेत ज्या नावाने हाक ऐकलीत त्याच नावाने लिहितो.

तुमचं कुठेही चुकलेलं नाही. बटण चुकीचं दाबलं नाहीत, फोन ठेवायचा विसरला नाहीत, कोणी तुमचा पिनही चोरला नाही. तुमच्या वहीतले आकडे आणि नातवाने वाचून दाखवलेली बारीक अक्षरं शेजारी ठेवली की हिशेब सेंटाला सेंट जुळतो. शिल्लक लिहून ठेवण्याची तुमची सवय होती म्हणून तो लागला. बहुतेक माणसं लिहीत नाहीत. ‘संपलं वाटतं’ म्हणून नवं कार्ड घेतात, आणि कार्डांचा धंदा त्यावरच चालतो.

तुम्ही उतरवून पाठवलेल्या मजकुरात पाच गोष्टी आहेत. कॉल संपल्यावर ४९ सेंट कापले जातील. पहिल्या वापराच्या दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतर दर आठवड्याला ६९ सेंट देखभाल शुल्क. आकारणी तीन मिनिटांच्या पटीत. टोल-फ्री क्रमांकावरून लावल्यास दर वेगळा. मुदत पहिल्या वापरापासून ९० दिवस.

आता वही उघडा. पाच डॉलरला ५०० मिनिटं म्हणजे मिनिटाला एक सेंट. पहिल्या दिवशी तुम्ही आक्कांशी चार मिनिटं बोललात. आकारणी तीनच्या पटीत, म्हणून चाराची सहा मिनिटं धरली आणि सहा सेंट गेले. फोन ठेवला आणि ४९ सेंट गेले. म्हणजे चार मिनिटांचे ५५ सेंट. दुसऱ्या दिवशी तुम्ही फोनला हातही लावला नव्हता, तरी देखभालीचे ६९ सेंट गेले. ५५ आणि ६९ मिळून १२४. तिसऱ्या दिवशी यंत्राने सांगितलं ३७६. पाचशेतून १२४ वजा करा, तेवढेच उरतात. पुढे ३७६ चे ३२१ आणि ३२१ चे २६६ झाले ते दर कॉलचे ५५ जाऊन. मग २६६ वरून एकदम १४२, कारण मध्ये दुसऱ्या आठवड्याचे ६९ गेले. १४२, ८७, ३२. सातव्या कॉलला ३२ मिनिटं शिल्लक असल्याचं ऐकून तुम्ही चार मिनिटं बोललात आणि फोन ठेवताच कार्ड रिकामं झालं, कारण उरलेल्या २६ सेंटांत ४९ बसत नाहीत.

सात कॉल, २८ मिनिटं, पाच डॉलर. मिनिटाला जवळपास १८ सेंट पडले. पोस्टरवर होता एक.

आता यातली मेख बघा. पोस्टरवरची ५०० मिनिटं तशी खोटी नाहीत. एकच कॉल लावून, फोन न ठेवता, सलग आठ तास वीस मिनिटं बोललात तर ती मिळतील. ४९ सेंट कॉलच्या सुरुवातीला न कापता शेवटी कापायचे, ते यासाठीच. यंत्रातली बाई दर वेळी जो आकडा सांगते तोही ‘आत्ताचा हा एकच कॉल केलात तर’ एवढाच असतो. म्हणजे जो थोडं बोलतो, पुन्हापुन्हा बोलतो, त्यालाच हे कार्ड सर्वांत महाग पडतं. आणि आपल्याकडची वडीलधारी माणसं अशीच बोलतात : जेवलीस का, गुडघा कसा आहे, पाऊस झाला का, ठेवते. आठ तास कोण बोलतं? कार्ड बेतलंय आठ तासांच्या बोलण्यावर आणि विकलं जातंय चार मिनिटं बोलणाऱ्यांना. याचा मला मनापासून राग येतो.

हा राग माझ्या एकट्याचा नाही. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, २००८ मध्ये अशी कार्डं विकणाऱ्यांवर न्यायालयात दावे लावले. त्यासाठी कमिशनच्या लोकांनी स्वतः कार्डं विकत घेतली, लावून पाहिली आणि मिनिटं मोजली. जाहिरातीत सांगितलेल्यांपैकी सरासरी निम्म्याच्या आसपासच मिनिटं हाती आली. २०११ मध्ये पुन्हा एक दावा झाला, तो तुम्ही आहात त्या न्यू जर्सीतल्याच कार्डवाल्यांवर. पुढे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, ऑक्टोबर २०१५ मध्ये सहा कंपन्यांना प्रत्येकी ५० लाख डॉलर दंड ठोठावला. एकूण तीन कोटी डॉलर. मुद्दा तुमच्या वहीतलाच होता : काही डॉलरांत शेकडो-हजारो मिनिटं असं सांगायचं, आणि ती मिळणार फक्त सलग एकाच कॉलमध्ये. बारीक अक्षरांत सगळं छापलं होतं हा बचाव नियामकाने मानला नाही. एवढं होऊनही असली कार्डं दुकानांत दिसतात, कारण कंपनी बदलते, कार्डाचं नाव बदलतं, पोस्टर नवं लागतं. बरेचदा कार्ड छापणारा एक, वितरण करणारा दुसरा आणि प्रत्यक्ष कॉल वाहून नेणारा तिसराच असतो. दुकानदाराकडे गेलात तर तो मागच्या ग्राहक सेवेच्या नंबराकडे बोट दाखवतो.

आता तुमच्या मुलाने मुकाट्याने भरलेल्या बिलाबद्दल. कार्डाचे पैसे आधीच भरलेत म्हणजे कॉल त्यातच होईल, असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण कार्डावरून फोन लावताना दोन कॉल होतात. पहिला तुमच्या फोनवरून कार्डाच्या तिथल्या नंबरावर, दुसरा कार्डाच्या यंत्राकडून आक्कांच्या फोनवर. कार्डाच्या पैशांतून फक्त दुसरा भागतो. पहिला तुमच्या सिमवर पडतो. भारतातलं सिम अमेरिकेत रोमिंगवर असतं, त्यामुळे तिथल्या तिथे लावलेला फोनही रोमिंगच्या दराने लागतो. नंबर टोल-फ्री असला तरी रोमिंगवर तो फुकट मिळेल असं धरून चालू नका. शिवाय हे घड्याळ आक्कांनी ‘हॅलो’ म्हटल्यावर सुरू होत नाही. कार्डाच्या यंत्राने कॉल उचलला की सुरू होतं : भाषा निवडा, पिन टाका, शिल्लक ऐका, ०११-९१ लावून दहा आकडे दाबा, मग रिंग, मग आक्का चष्मा शोधून फोन उचलणार. तुमच्या चार मिनिटांना भारतातलं सिम सहा-सात मिनिटं चालू होतं. ते दोन कॉल अख्ख्या कार्डापेक्षा महाग पडले असतील तर मला नवल वाटणार नाही. मुलाला एकदा विचारा, त्याला बरंच वाटेल. यापुढे तिथे ते सिम फक्त बँकेचे ओटीपी घ्यायला ठेवा, फोन लावायला नाही.

लेकीने दिलेल्या फोनचंही एकदा बघून घ्या. अमेरिकेत आता बहुतेक प्लॅनमध्ये देशातल्या देशात कितीही बोललं तरी वेगळे पैसे पडत नाहीत, तसा असेल तर चिंता नाही. पण पाहुण्यांसाठी म्हणून स्वस्तातलं, मिनिटागणिक पैसे कापणारं प्रीपेड सिम घेतलं असेल तर कार्डाचा नंबर फिरवताना तिथेही मिनिटं जातात, टोल-फ्रीलासुद्धा. आणि टोल-फ्री नंबर वापरला की कार्डाचा स्वतःचा दरही चढतो, हे तुम्ही उतरवलेल्या चौथ्या ओळीत आहे. त्या फुकटच्या नंबराचे पैसे कार्डवाला भरतो, आणि ते तुमच्याकडून वसूल करतो. म्हणून कार्ड वापरायचंच असेल तर त्यावरचा न्यू जर्सीतला स्थानिक नंबर वापरावा.

आणखी एक खर्च कुठेच छापलेला नसतो. स्वस्त कार्डांचे कॉल मिळेल त्या आडवाटेने भारतात पोचवले जातात. आवाज घुमतो, आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येतं, मध्येच फोन तुटतो. त्यात आक्कांच्या गावची रेंज. फोन तुटला की तुम्ही पुन्हा लावणार, आणि पुन्हा लावला की पुन्हा ४९ सेंट. शिवाय आक्कांच्या फोनवर दर वेळी वेगळाच नंबर उमटत असेल. सध्या अनोळखी नंबरांवरून म्हाताऱ्या माणसांना घाबरवून पैसे उकळणारे इतके झालेत की शहाणी मुलं आईवडिलांना सांगूनच ठेवतात, ओळखीचा नंबर नसेल तर उचलायचा नाही. ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या दूरसंचार खात्याने परदेशातून येणारे पण भारतातला नंबर दाखवणारे बनावट कॉल अडवायला सुरुवात केली आहे. कार्डवाल्याने तुमचा कॉल तसल्या वाटेने पाठवला तर तो आक्कांपर्यंत पोचणारच नाही.

मग करायचं काय? तुमची गरज महिन्याला साधारण ६० मिनिटांची आहे. इंटरनेटवरून थेट साध्या फोनला कॉल लावून देणारी अ‍ॅप आहेत. आक्कांना काहीच करायचं नाही, त्यांचा बटणांचा फोन नेहमीसारखा वाजेल. आपल्याकडे २००३ पासून येणाऱ्या कॉलला पैसे पडत नाहीत, त्यामुळे त्यांच्या रिचार्जलाही धक्का नाही. तुम्ही अमेरिकेत आहात आणि तिथला नंबर तुमच्याजवळ आहे, तेव्हा गूगल व्हॉइस हे त्यातलं सोपं अ‍ॅप आहे. भारतात मोबाइलवर बोलण्याचा असल्या सेवांचा दर मिनिटाला एक-दोन सेंटच्या घरात असतो आणि दर कॉलमागे वेगळे ४९ सेंट नाहीत. दोन सेंट धरले तरी तुमच्या ६० मिनिटांचे सव्वा डॉलरच्या आत होतात. कार्डांवर याच बोलण्याला महिन्याला दहा डॉलरच्या वर जातील. शिवाय आक्कांच्या फोनवर दर वेळी एकच नंबर दिसेल, तो त्यांच्या फोनमध्ये तुमच्या नावाने साठवून द्यायला भाचेसुनेला सांगा. जुन्या लेखांतून अजून स्काइप सुचवलेलं दिसतं; ते मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये बंद केलं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

दुसरा मार्ग म्हणजे लेकीच्या मोबाइल कंपनीकडून महिन्याचा परदेशी कॉलचा जोडप्लॅन. त्यात पिन नाही, यंत्रातली बाई नाही, आक्कांचा नंबर सरळ लावायचा. पण घेण्याआधी एक प्रश्न नेमका विचारायचा : यात भारतातले मोबाइल येतात का, की फक्त लँडलाइन? ‘भारत समाविष्ट’ एवढ्यावर समाधान मानू नका, कारण कित्येक प्लॅनमध्ये देशांच्या दोन याद्या असतात, लँडलाइनची लांब आणि मोबाइलची आखूड. आणि कितीही बोला म्हणणाऱ्या प्लॅनला खाली काही मर्यादा आहे का, तेही लेकीला वाचायला सांगा.

आता जावयांच्या बिलाबद्दल. लेकीच्या घरचं घेऊ नये ही आपली जुनी रीत, आणि ती पाळावीशी वाटते यात मला काही वावगं दिसत नाही. पण रीत पाळायची म्हणून दुकानात जाऊन फसायची गरज नाही. लेकीला स्पष्ट सांगा, माझ्या फोनचे महिन्याचे एवढे होतात, ते मी देणार. पाच डॉलर तिच्या हातावर ठेवा. ती नको म्हणेल, तरी ठेवा. गूगल व्हॉइसवर तर लेकीच्या कार्डावरून एकदा दहा डॉलर भरले आणि ते तुम्ही तिला दिले की तुमचा मुक्काम संपेपर्यंत पुन्हा बघायला नको. एवढ्या बोलण्याने तुमचाही संकोच जाईल. तुम्ही आक्कांशी दुकानातल्या कार्डांवर बोलताय हे लेकीला अजून माहीत नसेल, तर ते कळल्यावर तिला जे वाटेल ते मात्र दहा डॉलरपेक्षा जास्त असेल.

दुबईच्या भाच्याला या कार्डावरून फोन लावू नका. पाचशेचा आकडा फक्त भारताचा आहे. अमिरातीचा दर त्याच्या कित्येक पट असतो आणि ४९ सेंट तिथेही आहेतच. भारतात मोबाइल आणि लँडलाइनला पोचवण्याचा खर्च सारखाच, म्हणून असल्या कार्डांच्या दरांत सहसा फरक नसतो. बऱ्याच देशांत मोबाइलला फोन लावणं लँडलाइनपेक्षा फार महाग पडतं, आणि पोस्टरवर छापलेला असतो तो लँडलाइनचा दर. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल बंद असतात, पण बोटिमसारखी परवानगी असलेली अ‍ॅप तिथे चालतात. भाच्याकडे बहुधा असेलच. त्याला निरोप टाका, तोच लावेल.

उरलेली दोन कार्डं आधी दुकानात परत नेऊन बघा. पिनवरचा थर खरवडला नसेल आणि पावती असेल तर काही दुकानदार ओळखीखातर घेतात, नियम म्हणून नाही. नाहीच घेतली, तर खरवडू नका, तशीच ठेवा. ९० दिवसांची मुदत आणि आठवड्याचे ६९ सेंट दोन्ही पहिल्या वापरापासून सुरू होतात. न वापरलेल्या कार्डाचं सध्या काही जात नाही. मात्र कार्डावर वेगळी अंतिम तारीख छापली आहे का ते बघून घ्या. मग दिवाळीच्या पाडव्याला किंवा भाऊबीजेला, आक्कांकडे सगळे जमले असतील तेव्हा, एक कार्ड काढा. स्थानिक नंबर लावा आणि फोन न ठेवता एकेकाशी बोलत राहा. तास-दोन तास चाललं तर कार्डातून मिनिटाला दीड-दोन सेंटच कापले जातील. फोन ठेवलात की ते कार्ड संपलं असंच समजा, उरलेल्या शिलकीसाठी पुन्हा पुन्हा लावत बसू नका. दुसरं कार्ड निघायच्या आधीच्या आठवड्यात असंच संपवा.

आणि संपलेलं कार्ड टाकू नका. त्याचा पुढचा-मागचा फोटो, पावतीचा फोटो आणि तुमच्या वहीच्या त्या पानाचा फोटो नातवाला काढायला सांगा. दुकानात पुन्हा गेलात तर पोस्टरचाही. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या संकेतस्थळावर ग्राहकांसाठी तक्रार नोंदवायची सोय आहे. पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. तक्रार कंपनीकडे जाते आणि कंपनीला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुम्ही पाहुण्या आहात, नागरिक नाही, याने काही अडत नाही. ग्राहक तुम्ही तिथे झालात. पाच डॉलरसाठी एवढं कशाला, असं लेक म्हणेल. ५००, ३७६, ३२१ अशी तारीखवार नोंद असलेली तक्रार फार थोड्यांकडे असते, म्हणून म्हणतो, कराच.

शेवटी वेळेचं. तिथली उन्हाळी वेळ चालू असते तोवर न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. आक्कांचे सकाळचे आठ म्हणजे तुमची आदल्या रात्रीची साडेदहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातील, मग तुमची साडेनऊ. आक्कांना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या दिवशी तुम्ही नेहमीच्या साडेदहाला फोन लावाल आणि तोवर त्या नऊ वाजेपर्यंत तासभर फोन हातात घेऊन बसलेल्या असतील.